पुन:पुन्हां : अशोकाच्या धर्मलिपींतील पुनरुक्ति

मराठी शाळेंत निबंध लिहितांना एकच शब्द दोन ओळींत दोनदां आला, कीं आमचे गुरुजी त्याच्याखालीं तांबड्या शाईची रेघ ओढीत आणि समासांत "पुनरुक्ति" असा शेरा मारीत. त्या रेघेची धास्ती मनांत इतकी बसली, कीं पुढें कित्येक वर्षें एका वाक्यांत "राजा" लिहिलें कीं मी दुसऱ्या वाक्यासाठीं "भूपति" शोधूं लागें, आणि तिसऱ्यासाठीं "नृपाल". वाक्यें सजत खरीं. पण वाचणाराला मात्र तीन निरनिराळे राजे एकामागून एक दरबारांत येऊन गेल्याचा भास होई. आज ज्या लेखकाविषयीं मी बोलणार आहें, त्याला या तांबड्या शाईची भीति कधीं वाटलीच नाहीं. त्यानें एकच शब्द चारदां, आठदां लिहविला; आणि तोही भूर्जपत्रावर नव्हे, तर खडकावर, जेथें प्रत्येक अक्षराची किंमत छिन्नीच्या घावांनीं मोजावी लागते. हा लेखक म्हणजे मौर्य सम्राट अशोक.

श्रोतेहो, अशोकाचें नांव आपणांस नवें नाहीं. कलिंगाचें युद्ध, त्यानंतरचा पश्चात्ताप, बौद्ध धर्माचा स्वीकार ही कथा शाळेंतील मुलांनाही ठाऊक असते. परंतु त्याचे मूळ लेख फारच थोडे लोक वाचतात, आणि जे वाचतात त्यांची पहिल्या भेटींत थोडी निराशा होते. माझी तरी झाली होती. दर लेखाच्या तोंडाशीं तेंच "देवानांप्रिय प्रियदर्शी राजा असें म्हणतो". पुढें धम्म, पुन्हां धम्म, त्याच्यापुढें आणखी एकदां धम्म. एवढ्या मोठ्या साम्राज्याच्या धन्याला एखादा बरा लेखनिक मिळूं नये, याचें मला नवल वाटलें होतें. चौदाव्या शिलालेखापर्यंत पोंचलों, तेव्हां कोठें माझी चूक माझ्या ध्यानांत आली.

चौदावा लेख हा सगळ्या संचाचा उपसंहार आहे. राज्याभिषेकानंतर बाराव्या वर्षापासून खोदविलेल्या लेखांचा हिशेब राजा त्यांत देतो. कांहीं लेख संक्षिप्त आहेत, कांहीं मध्यम, कांहीं विस्तृत. सगळेंच सगळीकडे योग्य नव्हतें. राज्य मोठें आहे, पुष्कळ लिहविलें आहे आणि आणखीही लिहवीन, असें तो सांगतो. आणि मग म्हणतो, कीं यांतील कांहीं गोष्टी त्या त्या विषयाच्या गोडीमुळें पुन:पुन्हां सांगितल्या आहेत, लोकांनीं त्याप्रमाणें वागावें म्हणून. शेवटीं, कोठें कांहीं अपुरें राहिलें असेल तर तें स्थळामुळें, कांहीं कारणामुळें अथवा लिपिकाराच्या अपराधामुळें, अशी पुस्तीही तो जोडतो. गिरनारच्या पाठांत "पुन पुन" आणि "तस तस" अशा दोन जोड्या या ठिकाणीं आल्या आहेत. पुनरुक्तीचें समर्थन करणारें वाक्यच पुनरुक्तीनें विणलेलें आहे! इतक्या जुन्या काळीं एखाद्या लेखकानें आपल्या शैलीचें कारण इतक्या मोकळेपणानें दिल्याचें दुसरें उदाहरण मला तरी आठवत नाहीं.

त्यानें दिलेलीं कारणें दोन आहेत. एक गोडी, दुसरें आचरण. आपल्याकडील शास्त्रकारांनाही ही गोष्ट परकी नव्हती. काव्यशास्त्रानें पुनरुक्तीला दोषांत बसविलें. पण मीमांसकांनीं आणि वेदान्त्यांनीं ग्रंथाचें तात्पर्य ओळखण्याच्या ज्या सहा खुणा सांगितल्या, त्यांत अभ्यास, म्हणजे तेंच पुन्हां सांगणें, ही एक प्रमुख खूण आहे. छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायांत उद्दालक आपल्या मुलाला एकच महावाक्य नऊ वेळां ऐकवितो. काव्याची परीक्षा करणारा जेथें शाई उगारतो, तेथें अर्थाची परीक्षा करणारा थांबून कान देतो.

कान देतो, असें मी मुद्दाम म्हटलें. अशोकाचे लेख डोळ्यांनीं वाचण्यासाठीं जितके होते, त्याहून अधिक ते कानांनीं ऐकण्यासाठीं होते. कलिंगांतील धौली आणि जौगड येथें जे दोन स्वतंत्र लेख आहेत, त्यांत याविषयीं स्पष्ट आज्ञा आहे. हा लेख तिष्य नक्षत्राच्या दिवशीं ऐकविला जावा. दोन तिष्यांच्या मधल्या काळांतही ऐकविला जावा. आणि प्रसंग पडल्यास ऐकणारा एकटा असला तरी त्या एकट्यालाही ऐकवावा! खडकासमोर उभा असलेला एक अधिकारी, त्याच्यापुढें एकच माणूस, आणि दर कांहीं महिन्यांनीं तेच शब्द. वाचणाराला पान उलटून मागें जातां येतें. ऐकणाराला ती सोय नाहीं. हवेंत गेलेला शब्द परत हवा असेल, तर बोलणारानेंच तो पुन्हां उच्चारावा लागतो. ध्वनिक्षेपकासमोर बसून बोलणाराला हें जितकें चटकन पटतें, तितकें घरीं टेबलाशीं बसून लिहिणाराला पटत नाहीं.

म्हणूनच लेखाच्या आरंभीं येणारें तें ठराविक वाक्य निरर्थक नाहीं. तो घराचा उंबरठा आहे. दिल्लीस असलेल्या तोपऱ्याच्या स्तंभावर सातवा स्तंभलेख आहे. तो अशोकाच्या लेखांत बराच लांब. त्यांत एक विषय संपून दुसरा सुरू झाला, कीं "देवानांप्रिय प्रियदर्शी राजा असें म्हणतो" हे शब्द परत येतात. मूळ लिपींत परिच्छेद नव्हते, विरामचिन्हांची आजची व्यवस्था नव्हती. हें वाक्य कानाला परिच्छेद पाडून देत असे. इराणच्या दारियवुश राजानें बेहिस्तूनच्या कड्यावर, अशोकापूर्वीं सुमारें अडीचशें वर्षें, आपल्या पराक्रमाचा जो लेख खोदविला, त्यांतही दर कलमाच्या तोंडीं "दारियवुश राजा म्हणतो" असेंच येतें. लेखनासाठीं अशोकाच्या वायव्येकडील लेखांत जो "दिपि" शब्द आहे तोही इराणी वळणाचा असल्यामुळें, या पद्धतीचा धागा तिकडून आला असावा, असें अनेक विद्वान मानतात. तें खरें असो वा नसो. इराणी राजानें त्या चौकटींत आपलीं युद्धें आणि शत्रूंना दिलेले देहदंड भरले, आणि आपल्या राजानें तिच्यांत निराळेंच कांहीं भरलें, एवढें लक्षांत ठेवावें.

आतां हें निराळें काय, तें पाहण्यासाठीं आपल्याच भूमीकडे येऊं. मुंबईच्या उत्तरेस सोपारें, म्हणजे प्राचीन शूर्पारक. चौदा शिलालेखांचा एक संच येथेंही होता. पण त्यांतील केवळ दोन लेखांचे तुकडे हातीं लागले आहेत. आठव्या लेखाचा तुकडा १८८२ सालीं मिळाला आणि नवव्याचा १९५६ सालीं. योगायोग असा, कीं अशोकाची पुनरुक्ति कशी काम करते हें समजून घ्यावयाला याहून चांगले दोन लेख निवडतां आले नसते.

आठव्या लेखाचा विषय यात्रा हा आहे. पूर्वींचे राजे विहारयात्रेला निघत, तींत मृगया आणि तशाच इतर करमणुकी असत. प्रियदर्शी राजा मात्र अभिषेकानंतर दहाव्या वर्षीं संबोधीला, म्हणजे बोधगयेला गेला. तेव्हांपासून ही धम्मयात्रा. तींत काय घडतें? ब्राह्मण-श्रमणांचें दर्शन आणि त्यांना दान, वृद्धांचें दर्शन आणि त्यांना सुवर्णाचें साह्य, जनपदांतील लोकांचें दर्शन, त्यांना धम्माचा उपदेश आणि धम्माविषयीं विचारपूस. "यात्रा" हा शब्द राजानें टाकला नाहीं, बदलला नाहीं. त्याचा सोबती तेवढा बदलला. आणि "दर्शन" शब्द तीनदां आणून ज्यांना भेटावयाचें त्यांची रांग लावली. शिकारीला निघालेल्या राजाला हरिण दिसतें. या यात्रेंत राजाला माणसें दिसतात. असें वाक्य राजानें कोठें लिहिलेलें नाहीं. तें त्या तीन दर्शनांमधून ऐकणाराच्या मनांत आपोआप तयार होतें.

नववा लेख मला सगळ्यांत आवडतो. त्याचा विषय आहे मंगल. लोक आजारपणांत मंगल करतात, मुलामुलींच्या विवाहांत करतात, पुत्रजन्माच्या वेळीं करतात, प्रवासाला निघतांना करतात. बाविसांहून अधिक शतकें उलटलीं, पण यादी जवळजवळ आपल्या घरचीच आहे; बारसें, अक्षता, प्रवासाला निघणाराच्या हातावर ठेवलेलें दहीं-साखर. स्त्रिया तर पुष्कळ प्रकारचीं, क्षुल्लक आणि निरर्थक मंगलें करतात, असेंही राजा म्हणतो. (या वाक्याबद्दल माझ्या घरांत राजाची बाजू घेण्याचें धाडस मीं केलेलें नाहीं.) पण पुढची पायरी पाहा. मंगलें करूं नका, असें तो म्हणत नाहीं. मंगल केलेंच पाहिजे, असें म्हणतो. फक्त या मंगलांना फळ थोडें. आणि एक मंगल असें आहे, कीं त्याला फळ मोठें. तें धम्ममंगल. दास आणि सेवक यांच्याशीं नीट वागणें, वडीलधाऱ्यांचा मान, प्राण्यांविषयीं संयम, श्रमण-ब्राह्मणांना दान, हें तें मंगल. बापानें, मुलानें, भावानें, धन्यानें एकमेकांना सांगावें, कीं हें चांगलें, हें मंगल करावें.

एवढ्याशा लेखांत मंगल हा शब्द वाक्यावाक्याला येतो. गुरुजींची शाई संपली असती. पण कल्पना करा, कीं राजानें पहिल्या वाक्यांत "मंगल", दुसऱ्यांत "विधि", तिसऱ्यांत "संस्कार" आणि शेवटीं "सदाचार" असें लिहविलें असतें. ऐकणारानें मान डोलावली असती आणि घरीं जाऊन आपलें मंगल केलें असतें. सदाचार ही निराळी वस्तु, ती राजाकडे. शब्द तोच राहिल्यामुळें ऐकणाराला पळवाट उरत नाहीं. पहिल्या मंगलापाशीं तो होय म्हणतो, दुसऱ्यापाशीं हंसतो, तिसऱ्यापाशीं थोडा अडखळतो, आणि धम्ममंगल येतें तेव्हां त्याचा होकार अगोदरच देऊन झालेला असतो. ज्या शब्दाशीं त्याचें बालपण, त्याचें लग्न, त्याच्या मुलाचा जन्म बांधलेला आहे, त्याच शब्दाच्या बोटाला धरून राजा त्याला आपल्या घरच्या नोकरापाशीं आणून उभा करतो.

ही एकच युक्ति इतर लेखांतही आहे. चौथ्यांत युद्धाच्या भेरीचा घोष धम्माचा घोष होतो. अकराव्यांत दानाचें धम्मदान होतें. तेराव्यांत विजयाचा धम्मविजय. यात्रा, मंगल, घोष, दान, विजय, असे पांच ठिकाणचे पांच जुने शब्द, आणि सगळ्यांतून ओवलेला एक दोरा. निरनिराळ्या वर्षीं लिहिलेले, निरनिराळ्या विषयांवरचे हे लेख एका हातचे वाटतात ते या दोऱ्यामुळें. १९५८ सालीं कंदाहारला ग्रीक आणि अरमाईक या भाषांतील अशोकाचा लेख सांपडला. त्यांतील ग्रीक मजकुरांत धम्माला "युसेबिया", म्हणजे ईश्वर आणि वडील यांच्याविषयींची पूज्यबुद्धि, असा शब्द योजिला आहे. भाषा बदलली, लिपि बदलली, तरी दोरा हातचा सुटूं दिलेला नाहीं.

तेराव्या लेखांत मात्र पुनरुक्तीचा सूर अगदीं निराळा लागतो. अभिषेकानंतर आठ वर्षांनीं कलिंग जिंकला. दीड लाख माणसें तेथून नेलीं गेलीं, एक लाख मारलीं गेलीं, आणि त्याच्या कितीतरी पट मेलीं. त्यानंतर वध, मरण आणि अपवाह, म्हणजे घरादारापासून ओढून नेणें, हे तीन शब्द एकत्र येतात आणि थोड्या अंतरानें परत येतात. ज्यांना स्वत:ला इजा झाली नाहीं, त्यांचे स्नेही, सोबती, आप्त यांवर संकट आलें म्हणजे तेंही त्यांच्यावरच आल्यासारखें आहे, असें राजा म्हणतो. त्या वेळच्या हानीचा शंभरावा, किंबहुना हजारावा भाग जरी आज झाला, तरी तो आपणांस फार जड वाटेल, असेंही म्हणतो. येथें पुनरुक्ति ऐकणाराला वळविण्यासाठीं नाहीं. हातून झालेली गोष्ट माणसाला पुन:पुन्हां आठवते, तशी ती आहे. एक खटकणारी गोष्ट सांगितली पाहिजे. याच लेखांत अरण्यांत राहणाऱ्या लोकांना राजा बजावतो, कीं पश्चात्ताप झाला असला तरी माझें सामर्थ्य ध्यानांत ठेवा. दु:ख खरें होतें, आणि तलवारही होती.

आणि हा तेरावा लेख प्रत्यक्ष कलिंगांत कोठेंही खोदलेला नाहीं. धौली आणि जौगड येथें दहाव्या लेखानंतर एकदम चौदावा येतो. अकरा, बारा, तेरा गाळलेले आहेत. ज्यांचीं माणसें मेलीं त्यांच्या दारांत त्या आंकड्यांची उजळणी राजानें केली नाहीं. त्यांच्या जागीं ते दोन स्वतंत्र लेख आहेत, ज्यांतील ऐकविण्याची आज्ञा मीं मघाशीं सांगितली. आणि त्या दोहोंतही एकच शब्द परत परत येतो, तो "पजा". प्रजा म्हणजे रयत, आणि प्रजा म्हणजे लेंकरें. सर्व माणसें माझीं लेंकरें आहेत. स्वत:च्या लेंकरांसाठीं जें हित आणि सुख इच्छितों तेंच सर्वांसाठीं इच्छितों. सीमेवरच्या अजिंकित लोकांना वाटावें, कीं राजा आपणांस बापासारखा आहे, त्याच्याकडून आपणांस सुखच मिळेल, दु:ख नाहीं. (१९८९ सालीं कर्नाटकांत सन्नती येथेंही हे स्वतंत्र लेख आढळले, तेव्हां ते केवळ कलिंगापुरते होते, असें आतां म्हणतां येत नाहीं.) ज्या राजानें बाप मारले, त्यानें स्वत:ला बाप म्हणवून घ्यावें, हें ऐकतांना धौलीच्या एखाद्या म्हाताऱ्याच्या मनांत काय आलें असेल? एकदां ऐकून त्याचा विश्वास बसला नसता, हें राजाला कळत होतें. वर्षांतून अनेकदां ऐकवा, एकट्यालाही ऐकवा, ही आज्ञा त्या अविश्वासाचा हिशेब धरूनच दिली असावी, असें मला वाटतें.

याच लेखांत अधिकाऱ्यांनीं टाळावयाचे दोष मोजलेले आहेत. ईर्ष्या, क्रोध, निष्ठुरता, उतावळेपणा, आळस, थकवा. आणि यांच्याच पंक्तीला एक दोष आहे, "अनावुति". भाषांतरकार त्याचा अर्थ अभ्यासाचा अभाव असा करतात. संस्कृतांत तो शब्द अनावृत्ति. चांगली गोष्ट एकदां करून सोडून देणें, तिची आवृत्ति न करणें, हा दोष क्रोधाच्या शेजारीं बसविलेला आहे.

पण श्रोतेहो, आवृत्तीचें हें सामर्थ्य ऐकून आपल्या मनांत एक शंका आली असेल, आणि ती यावयासच हवी. १९३३ नंतर जर्मनींतील सत्ताधाऱ्यांनीं स्वस्त रेडिओ-यंत्रें घरोघर पोंचविलीं आणि त्यांतून ठराविक शब्दांचा मारा बारा वर्षें चालविला. त्याचें फळ जगानें पाहिलें. १९७७ सालीं हॅशर, गोल्डस्टीन आणि टॉपिनो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनीं प्रयोगानें दाखविलें, कीं एखादें विधान पूर्वीं ऐकलेलें असलें, कीं तेवढ्यानेंच तें माणसाला अधिक खरें वाटूं लागतें, मग तें मुळांत खोटें कां असेना. कानाला ओळखीची गोष्ट आणि खरी गोष्ट यांत मन गल्लत करतें. मग अशोक आणि ते लोक यांत अंतर कोणतें? युक्ति एकच आहे, हें मी नाकारीत नाहीं. परंतु चौदाव्या लेखांत हा राजा आपली युक्ति उघड करून सांगतो, कीं मी मुद्दाम पुन्हां सांगत आहें आणि यासाठीं सांगत आहें. आणि तेराव्यांत जी गोष्ट तो परत परत उच्चारतो ती शत्रूचा अपराध नव्हे, स्वत:चा आहे. प्रचारकाच्या हातून या दोन गोष्टी झालेल्या माझ्या पाहण्यांत नाहींत.

तरीही आवृत्ति थांबली. तिष्याच्या दिवशीं खडकापाशीं जमणारे लोक केव्हां जमेनासे झाले, हें कोणी लिहून ठेवलेलें नाहीं. चौदाव्या शतकांत फिरोजशहा तुघलकानें तोपऱ्याचा प्रचंड स्तंभ दिल्लीला आणविला आणि त्यावर काय लिहिलें आहे हें विचारण्यासाठीं पंडितांना बोलाविलें. एकालाही तें वाचतां आलें नाहीं. तीं अक्षरें पुढें उलगडलीं तीं पुनरुक्तीमुळेंच. कलकत्त्याच्या टांकसाळींतील अधिकारी जेम्स प्रिन्सेप यांच्याकडे सांचीच्या कठड्यांवरील लहान लहान लेखांचे ठसे आले होते. १८३७ सालीं ते मांडून बसले असतां त्यांना दिसलें, कीं यांतील बहुतेक लेख त्याच दोन अक्षरांनीं संपतात. इतक्या निरनिराळ्या माणसांच्या लेखांच्या शेवटीं एकच शब्द कोणता येईल? प्रिन्सेप यांनीं तर्क केला, "दानं". द आणि न सांपडले, त्यांच्या आधारानें पुढचीं अक्षरें सुटत गेलीं, आणि त्याच वर्षीं दिल्लीचा स्तंभ बोलूं लागला. सांचीच्या त्या दात्यांपैकीं कोणी निराळा, नटवा शब्द योजिला असता, तर कदाचित आणखी कांहीं वर्षें तो मुकाच राहिला असता.

सोपाऱ्याचा तुकडा १८८२ सालीं ज्यांनीं शोधून काढला ते पंडित भगवानलाल इंद्रजी मूळचे जुनागडचे. गिरनारचा खडक त्यांच्या गांवाजवळचा. त्यावरील अक्षरें ते तरुणपणापासून वाचीत आले होते. पुढें मुंबईस डॉ. भाऊ दाजी लाड यांच्याजवळ राहून त्यांनीं पश्चिम हिंदुस्थानांतील लेण्यांचे आणि शिलांचे लेख गोळा केले. सोपाऱ्याला त्यांच्या हातीं आलेला दगड मोडका होता. आठव्या लेखांतील थोडेच शब्द त्यावर शिल्लक होते. परंतु ते शब्द गिरनारच्या खडकावर आहेत, कालसीला आहेत, धौलीला आहेत. म्हणून हा मोडका दगड कशाचा भाग आहे हें ओळखतां आलें. सोपाऱ्याच्या तुकड्यावर जेथें दगड संपतो, तेथून पुढचें वाक्य आजही गिरनारला वाचावें लागतें.